उंबऱ्यावरचं पान

नोकरीवर रुजू झाले तेव्हा मला एक फळा, एक पिशवी आणि एक सायकल मिळाली. सायकल मला येत नव्हती. फळ्यावर फ्लॅनेलचं कापड ताणून बसवलेलं होतं आणि पिशवीत रंगीत चित्रं होती: गाजरं, सफरचंद, पापलेट, लोण्याची वडी, काचेच्या पेल्यात दूध. चित्र कापडावर दाबलं की चिकटून राहायचं. ही चित्रं लावत लावत मुळशी तालुक्यातल्या बायकांना संतुलित आहार शिकवायचा, असं माझं काम. हुद्दा ग्रामसेविका, मुक्काम पौड. पन्नाशीचं दशक संपत आलं होतं आणि देशाचं सगळं आता ठीक होणार अशी माझी खात्री होती.

पहिलं व्याख्यान भरे गावात झालं. देवळापुढे बऱ्याच बायका जमल्या, कारण पुण्याची मास्तरीण कसं पातळ नेसते हे त्यांना बघायचं होतं. मी फळ्यावर सफरचंद दाबलं आणि विचारलं, हे काय?

"तंबाटं," पुढे बसलेली एक धिप्पाड बाई म्हणाली.

"सफरचंद," मी म्हणाले. "रोज एक खावं."

"कुटं मिळतं?"

"पुण्यात."

"मंग पुन्यातल्या बायास्नी सांगा की," ती म्हणाली आणि मळलेली तंबाखू तोंडात टाकली.

घरी येऊन मी सफरचंद, लोणी आणि पापलेट पिशवीतून काढून टाकलं. त्यांच्या जागी नाचणी, हुलगा, अळू, शेवगा, अंडं आणि चिंबोरी स्वतः रंगवली. चिंबोरी विंचवासारखी झाली होती, पण बायांनी ती बरोबर ओळखली.

शिकवण्यासारखं फार नव्हतंच. खाण्याचे तीन ढीग करायचे. पहिल्यात पोट भरून ताकद देणारं: भात, नाचणी, वरी, तेल, गूळ. दुसऱ्यात अंग भरणारं: हुलगा, वाल, दूध, अंडं, मासळी. तिसऱ्यात राखण करणारं: पालेभाज्या, भोपळा, फळं. दर जेवणाला प्रत्येक ढिगातलं काहीतरी पानात पडलं पाहिजे. तेव्हा परदेशातून दुधाची पावडरही यायची. ती मी भक्तिभावाने वाटली आणि पुढच्या फेरीला पोरांनी तिच्याने हुतुतूचं मैदान आखलेलं पाहिलं. पांढऱ्या रेघा फार छान उठून दिसत होत्या.

पण दारोदार हिंडता हिंडता एक गोष्ट कळली. घरात काय शिजतं हे विचारून काही हाती लागत नाही. कुणाच्या पानात काय पडतं ते डोळ्यांनी बघावं लागतं. आधी गडीमाणसं जेवणार, मग पोरगे, मग पोरी आणि सगळ्यांच्या मागून सून. अंडं गड्याच्या पानात आणि सुनेला कालवणाचं पाणी. मी व्याख्यानात ठोकून द्यायची, "जिच्या पानात वाढत नाही, ती वाढत नाही." बाया खुदखुदायच्या आणि घरी जाऊन होतं तसंच वाढायच्या. म्हणून मी फळा गुंडाळून ठेवला आणि ऐन जेवणाच्या वेळी लोकांच्या चुलीपाशी जाऊन बसायला लागले. 'आली बया पानं मोजायला' असा माझा लौकिक झाला.

नेहमी एखादं पान कमी निघायचं. सुनेने वाढूनच घेतलेलं नसायचं. एका घरात मात्र पान जास्त निघालं. माणसं तीन आणि पानं चार.

हे घर माले गावाच्या पुढच्या एका वाडीवर होतं, धरणाच्या पाण्याच्या अगदी कडेला. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा लोक वर सरकून राहिले होते, तीच ही वाडी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खालच्या घरांची जोती उघडी पडत. म्हातारी माणसं काठावर उभी राहून हे आमचं, ते अमक्याचं, असं नातवंडांना बोटाने दाखवत. आषाढात पाणी चढलं की सगळं पुन्हा झाकून जाई. वाडीवरच्या लोकांना यात काही नवल वाटत नसे. मला तिथे पहिल्यापासून पाण्याकडे पाठ करून बसवत नसे.

वाडीवरच्या शाळेच्या गुरुजींनी मला सांगितलं, चंद्री नावाची एक पोर आहे. दिवसा माकडासारखी झाडावर चढते आणि दिवेलागण झाली की स्वतःच्या दारात अडखळते. मी लगेच निघाले. दसरा झाला होता, भात पिवळा पडायला लागला होता.

घर लहान, गवताने शाकारलेलं. छपरावर भोपळ्याचा वेल चढलेला आणि वेलाला चांगले कळशीएवढाले लाल भोपळे. काही पिकून तडकले होते. एक सडून त्याचं पाणी कुडावरून ओघळलं होतं आणि त्याच्यावर माश्या बसल्या होत्या. इतकं अन्न असं कुजताना मी त्या तालुक्यात कुठेच पाहिलं नव्हतं.

चंद्री सहा-सात वर्षांची असेल. तिला उजेडात बसवून मी डोळे पाहिले. बुबुळांची चमक गेली होती आणि पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे डाग होते. हा रातांधळेपणा. हिरव्या पाल्यात, लाल-पिवळ्या फळांत, अंड्यात, दुधात एक द्रव्य असतं, ते बरेच महिने पोटात गेलं नाही की आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं. तेव्हा खाणं सुधारलं तर काही आठवड्यांत सगळं ठीक होतं. नाही सुधारलं तर डोळा मऊ पडतो आणि मग जगातलं कुठलंच औषध चालत नाही. पौडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला तसं एक मूल दाखवलं होतं. चंद्रीचे डोळे त्या वाटेला लागलेले होते. औषध छपरावर आणि रोगी छपराखाली, असा तो प्रकार होता.

"आजी," मी तिच्या आजीला विचारलं, "एवढे भोपळे आहेत, खात का नाही?"

आजीचं नाव गोदाबाई. वाळकी, ताठ, कपाळावर गोंदण. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळचट बोलले होते.

"चिरनार कोन?"

भोपळा बाईने चिरायचा नाही, ही रीत तेव्हा आमच्या पुण्याच्या घरीही होती. भोपळ्याला थोरला लेक मानतात. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बाईने विळी घ्यायची. घरात पुरुष नसला तर शेजारच्या कुणाला हाक मारतात.

"मग शेजारच्यांना बोलवा की," मी म्हणाले.

चुलीपुढे बसलेल्या सुनेने, यमुनेने, मान खाली घातली. गोदाबाई शांतपणे म्हणाली, "घरधनी जिता आसताना परक्याचा हात कशापायी? माजा सोनबा हाय की."

"कुठे आहे?"

"येतुया सांजचं."

पाण्याला जाताना यमुनेने मला सगळं सांगितलं. सोनबा तिचा नवरा. एका उन्हाळ्यात त्याने खाली उघड्या पडलेल्या जुन्या घराचा दगडी उंबरा उपसून आणला आणि या घराला बसवला, कारण आईचा जीव त्या उंबऱ्यात अडकला होता. पुढच्या उन्हाळ्यात आईचं जुनं जातं आणायला म्हणून एकटाच गाळात उतरला. तो परत आला नाही. लोकांनी गळ टाकले, बांबूने गाळ ढवळला, काही हाती लागलं नाही. मग पाऊस सुरू झाला आणि पाणी चढलं. या गोष्टीला दोन वर्षं झाली होती.

"आत्याबाई म्हनत्यात, मढं दावा, मंग रडते," यमुना म्हणाली. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

परतीची गाडी केव्हाच निघून गेली होती, म्हणून मी त्या रात्री तिथेच राहिले. दिवेलागण झाली तशा तिघीजणी भिंत चाचपत हलायला लागल्या. चंद्रीलाच नव्हे, तिघींनाही संध्याकाळचं दिसत नव्हतं. रॉकेलची चिमणी लावली होती ती माझ्यासाठी. त्यांना तिचा उपयोग नव्हता.

गोदाबाईने हाताच्या अंदाजाने वाढलं. माझं पान सोडून चुलीपाशी तिघींची तीन पानं: नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. चौथी पितळेची थाळी. तिच्यात भाकरी, उकडलेलं अंडं, अळूचं फदफदं, भाजलेली मासळी आणि शेजारी वाटीभर शेळीचं दूध. व्याख्यानात मी जे जे सांगत असे ते सगळं त्या थाळीत होतं. तिन्ही ढीग. असं नेमकं वाढलेलं पान मी त्या तालुक्यात पहिल्यांदाच पाहिलं. गोदाबाईने ते उंबऱ्यावर नेऊन ठेवलं, दार उघडंच ठेवलं आणि येऊन बसली.

आम्ही जेवायला लागलो. थोड्या वेळाने बाहेर आवाज झाला. चिखलाचे पाय दगडावर घासून पुसावेत तसा. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. तिघींचे घास हातात राहिले.

"बाई," गोदाबाई माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुमाला दिसतंय न्हवं? दारात कोन हाय, बगा जरा."

मी पाहिलं. अंगण होतं, पलीकडे फणस होता, फणसाच्या बुंध्यामागे पाण्याचा फिकट पट्टा होता. माणूस नव्हतं. पण 'कुणी नाही' हे दोन शब्द काही केल्या माझ्या तोंडातून निघेनात. तिन्ही चेहरे माझ्याकडे वळलेले होते आणि सहाही डोळे माझ्या किंचित बाजूला बघत होते.

"अंधार आहे, आजी," मी म्हणाले.

"व्हय," ती समाधानाने म्हणाली. "अंधारातच येतुया."

म्हशीने अंग घासलं असेल, असं मी पडल्या पडल्या स्वतःला समजावलं. सकाळी गुरुजींना विचारलं तर वाडीत म्हैस कुणाचीच नव्हती. थाळी चाटून पुसून लख्ख झालेली होती. ते कुत्र्याचं काम असेल. दगडी उंबरा ओला होता. दव पडलं असेल. अंगण मात्र कोरडं होतं, आणि मी त्याचं कारण शोधत बसले नाही.

पौडच्या डॉक्टरांनी माशाच्या तेलाची बाटली दिली आणि बजावलं, लवकर काय ते करा, पुढच्या महिन्यात फार उशीर झालेला असेल. बाटली मी गोदाबाईच्या हातात दिली, रोज चंद्रीला एक चमचा म्हणून समजावलं. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा बाटली रिकामी आणि चंद्री जशीच्या तशी. तेल सगळं सोनबाच्या थाळीत गेलं होतं.

"त्यो गारठ्यात ऱ्हातो," गोदाबाई म्हणाली. "त्येला जास्त गरज हाय."

माझा पारा चढला. "आजी, पोर जन्माची आंधळी होईल. मग बसा तिला धरून."

यमुना बाहेर गेल्याची चाहूल घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "आन् तिला दिसाया लागलं तर?"

"तर काय? चांगलंच की."

"मंग ती बगंल दाराकडं. आमाला दिसत न्हाई म्हनून त्यो येतुया, बाई. कुनी बगाया लागलं की न्हाई यायचा. आईच्या जिवाला काय तेवडं कळत न्हाई व्हय?"

तेव्हा मला उमगलं की म्हातारी खुळी अजिबात नाही. तिने सगळा हिशेब केलेला होता. एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला नातीचे डोळे, आणि तिने लेक उचलला होता. यावर माझ्या फळ्यावर कुठलंच चित्र नव्हतं.

त्या दिवशी गाडीत बसून पौडपर्यंत मी विचार केला. तेल चालणार नाही, भोपळा चालणार नाही, डोळ्यांचं नाव काढायचं नाही. मग त्या घरात चालतं काय? चालते ती थाळी. सगळं चांगलंचुंगलं त्या थाळीतच जातं. मुलगी त्या थाळीपर्यंत पोचायला हवी होती.

पुढच्या फेरीला मी गेले, बसले, विड्याचं पान लावलं, इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, "आजी, सोनबा घरी असताना चंद्री कुणाच्या पानात जेवायची?"

गोदाबाईचा चेहरा सैल पडला. "बापाच्याच की. दुसऱ्या कुनाच्या हातचा घास घ्यायची न्हाई भवानी."

"दोन वर्षं झाली, एकटाच जेवतोय तो. लेकरावाचून त्याला घास जात असेल का?"

त्या संध्याकाळी तिने चंद्रीचा हात धरून तिला उंबऱ्याशी नेलं, थाळीपुढे बसवलं आणि अंधाराला उद्देशून म्हणाली, "सोनबा, पोरीला संगं घे रं."

अंगावर काटा आला, पण मी ग्रामसेविका होते आणि माझ्या डोक्यात तिन्ही ढीग फिरत होते. दुसऱ्या दिवशी मी गोदाबाईबरोबर थाळीत काय काय असावं हे ठरवायला बसले. मी सुचवलं, शेवग्याचा पाला वाढा, त्याच्यासारखी दुसरी भाजी नाही.

"त्येला? शेवगा तोंडाला लावायचा न्हाई."

"मग टाकळा?"

"कडू लागायचा त्येला."

जिवंत माणसांच्या खोडी सांभाळून आहार ठरवणं मला पाठ झालं होतं. हे नवीन होतं. शेवटी दोघींनी मिळून जमवलं: अळू त्याला आवडायचं, तर अळू रोज, वरून तेलाची फोडणी सढळ हाताने, कारण तेलावाचून ते द्रव्य अंगी लागत नाही. अंडं एकाऐवजी दोन. दूध वाटीऐवजी तांब्याभर. यमुनेला मी बाजूला घेऊन सांगितलं, अळूची चव बघायच्या निमित्ताने चुलीपाशीच पळीभर खात जा. तिने मान हलवली.

मग मी दर आठवड्याला मुक्कामालाच जाऊ लागले. चंद्री उंबऱ्याच्या आतल्या बाजूला मांडी घालून बसायची. थाळीच्या पलीकडे रिकामं अंगण. ती हाताने चाचपून जेवायची आणि मध्येच तिचा हात थांबायचा.

"काय झालं गं?" मी एकदा विचारलं.

"बा अंडं माज्याकडं सारतुया," ती म्हणाली.

थाळीत अंडं खरंच तिच्या बाजूला होतं. पहिल्यापासून तिकडेच होतं की काय, हे मी पाहिलेलं नव्हतं. पुढच्या वेळी मी नीट लक्ष ठेवायचं ठरवलं. आवाज झाला, पाय पुसल्याचा, नेहमीसारखा, आणि मी चुलीकडे पाहत बसले. माझे डोळे अगदी चांगले होते. चष्माही नव्हता तेव्हा.

चंद्रीच्या अंगावर मात्र फरक दिसू लागला. गाल भरले. फेसाचे डाग विरळ झाले. संध्याकाळी ती भिंत न धरता चालायला लागली. मोठी गमतीची गोष्ट म्हणजे वाडीतल्या बाकीच्या बायांनीही आपापल्या पोरी बापाच्या थाळीत जेवायला बसवायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, ही पुण्याच्या बाईची काहीतरी विद्या आहे. गडी कुरकुरले, पण लेकीपुढचं अंडं ओढून घेणारा बाप तसा विरळाच. इतकी वर्षं व्याख्यानं देऊन जे झालं नाही ते असं झालं.

चंद्रीची केस माझ्या नोकरीतली सगळ्यात यशस्वी केस. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलींना मी ती पुढे बरीच वर्षं सांगत असे, शेवटची संध्याकाळ तेवढी वगळून.

दिवाळी होऊन महिना उलटला होता आणि थंडी पडली होती. गोदाबाईने वाढलं, चंद्री उंबऱ्याशी जाऊन बसली. बाहेर तो आवाज झाला. चंद्रीने मान वर करून अंगणाकडे पाहिलं. तिने फणस पाहिला, मग पाणी पाहिलं. तिची नजर सरळ होती, कुठेही चुकत नव्हती. मग तिने उंबऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"आज्जे," ती म्हणाली, "हितं कोनच न्हाई."

गोदाबाईचा हात परातीवर थांबला. "नीट बग."

"बगितलं. बा न्हाई हितं. कुटं ग्येला?"

पोरीने थाळी दोन्ही हातांनी दूर लोटली. दूध सांडलं.

"मला नगं. जेवलं की दिसतंय. मला न्हाई दिसाया पायजे. मी न्हाई जेवायची." आणि ती रडायला लागली. लहान मुलं हट्टाने रडतात तसं ते नव्हतं. माणूस गेल्यावर मोठी बाई रडते तसं, तोंड दाबून.

त्या वाडीत दोन वर्षांत सोनबासाठी पहिल्यांदाच कुणीतरी रडत होतं. मी उठले, पण जवळ जाऊन काय सांगायचं ते मला कळेना. तिचे डोळे मी वाचवले होते आणि तिचा बाप तिच्यापासून काढून घेतला होता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच थाळीतून झाल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

"यमुने," गोदाबाई म्हणाली, "तू सांग तिला. हाय म्हनावं."

यमुना चुलीपुढून हलली नाही. जाळाकडे बघतच म्हणाली, "मला कवाच दिसतंया, आत्याबाई. दिवाळी सरली तवापासनं."

"काय दिसतंया?"

"कोन येत न्हाई."

गोदाबाई उठली. तिला अजूनही अंधारात दिसत नव्हतं. तिने स्वतःच्या तोंडात अळूचं पान जाऊ दिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ती चाचपत भिंतीशी गेली आणि कुडात खोचलेला सोनबाचा कोयता काढला. मी दचकले. मग ती चाचपतच अंगणात गेली, छपराच्या खालच्या कडेला लोंबणारा एक भोपळा ओढून तोडला आणि आत आणला. तो तिने उंबऱ्याच्या दगडावर ठेवला, जिथे थाळी असायची तिथे.

"आत्याबाई," यमुना उठत म्हणाली.

"ह्या घरात आता गडी न्हाई," गोदाबाई म्हणाली. "मीच गडी."

तिने घाव घातला. एका घावात भोपळा दुभंगला. आतून पिवळाधमक निघाला. त्याचा वास घरभर पसरला. यमुनेचा हात आपसूक कपाळाकडे गेला. म्हातारीला ते दिसलं नाही, पण बांगड्या वाजलेल्या तिने ऐकल्या.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कुकवाचं उद्या बगू. आदी पोरीला जेवू घाल."

यमुनेने फोडी केल्या, गूळ घालून भोपळा शिजवला. तोवर मी उंबऱ्यावर सांडलेलं दूध पुसलं. दगड बर्फासारखा गार होता. गोदाबाईने चंद्रीला मांडीशी ओढून घेतलं आणि पुटपुटत राहिली, "खा माजी बाय. त्यानं धाडलंय समज." पोर बधेना. मग तिने आजीला कानात काहीतरी विचारलं. आजी म्हणाली, "व्हय, तसं केलंस तर चालंल."

चंद्री उठली आणि पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसली. थाळी मांडीवर घेतली. मग तिने डोळे घट्ट मिटले आणि जेवायला लागली, शेजारी एका माणसापुरती जागा करून, जराशी सरकून.